शुक्रवारची खोली पुन्हा उघडा

प्रति,
रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि प्रौढ रुग्ण तपासणारे सर्व डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली १८ हृदयविभागात. ज्या रुग्णालयात ती केली, तिथला शुक्रवारचा पाठपुरावा कक्ष गेल्या महिन्यात बंद झाला. ते कळल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कित्येक ठिकाणी अशी सोय कधी नव्हतीच, आणि माझं म्हणणं त्या सर्वांशी आहे.

आम्ही तिला नुसतं 'शुक्रवारची खोली' म्हणायचो. एक टेबल, चार खुर्च्या, वेगवेगळ्या मापांचे पट्टे असलेलं बीपीचं यंत्र, वजनकाटा आणि कोपरे दुमडलेली जाड नोंदवही, एवढाच तिथला सरंजाम. हार्ट अटॅक येऊन गेलेले, स्टेंट घातलेले, हृदयाचं पंपिंग कमी झालेले, नाडी वेडीवाकडी चालणारे आणि नुसतंच बीपी असलेले, असे सगळे तिथे यायचे. एक डॉक्टर, दोन सिस्टर. खोली बंद करण्याची सूचना एका वाक्याची होती : यापुढे हे रुग्ण सर्वसाधारण ओपीडीत पाहिले जातील. त्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते तुम्ही रोज पाहता. मीही वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

माझा या विषयाशी संबंध नोकरीपुरता नाही. माझी थोरली बहीण ५४व्या वर्षी गेली. तिला मधुमेह होता. एका पहाटे तिचा जबडा आणि पाठ दुखायला लागली, मळमळायला लागलं, दरदरून घाम फुटला. छातीत दुखतंय असं ती एकदाही म्हणाली नाही. घरच्यांनी दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. पित्ताचं इंजेक्शन देऊन तिला घरी पाठवलं. भाच्यानं मला फोन केला तेव्हा मी ड्युटीवर होते. "मावशी, ईसीजी नॉर्मल आहे," एवढं ऐकून मी फोन ठेवला आणि माझ्या वॉर्डातल्या रुग्णांकडे वळले. दुपारी ताई गेली. दुसरा ईसीजी कधी काढणार, ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, तपासायला पाठवलं का, हे दोन प्रश्न मी विचारले नाहीत. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांवर मी कधी राग धरला नाही, कारण हृदयविभागात राबणाऱ्या मलाही त्या क्षणी ते सुचलं नव्हतं. पण म्हणूनच सांगते, हे एकेकट्या माणसाच्या हुशारीवर सोडायचं काम नाही. विचारायचे प्रश्न ठरलेले असले पाहिजेत आणि ते विचारायला कुणीतरी नेमलेलं असलं पाहिजे.

तेव्हा पहिली तक्रार छातीच्या दुखण्याचीच.

छातीत दुखतंय म्हणून माणूस दारात आला की १० मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी काढून डॉक्टरांनी पाहिलेला असावा, हा नियम आपण सगळे पाठ म्हणून दाखवतो. प्रत्यक्षात आधी केसपेपर, मग रांग, मग ईसीजीच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे याची शोधाशोध. शिवाय 'छातीत दुखतंय' हे शब्द उच्चारले नाहीत तर हा नियम लागूच होत नाही. बायका, मधुमेही आणि वयस्क माणसं पुष्कळदा हे शब्द उच्चारत नाहीत. त्यांना दम लागतो, एकाएकी गळून गेल्यासारखं होतं, जबडा दुखतो, पोटाच्या वरच्या भागात जळजळतं. त्यांच्या कागदावर 'गॅस' लिहिलं जातं.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाही असं ठरत नाही. रक्ताची गुठळी हृदयाची वाहिनी कधी पूर्ण बंद करते, कधी थोडी मोकळी सोडते, आणि ईसीजीची पट्टी त्या त्या क्षणाचंच दाखवते. हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक तर ईसीजीच्या नेहमीच्या १२ लीडमध्ये, म्हणजे जोडण्यांमध्ये, लपून राहू शकतो, त्यासाठी पाठीवर लीड लावावे लागतात. दुखणं चालू असेल तर पट्टी पुन्हा काढायची आणि आधीच्या पट्टीशेजारी ठेवून बघायची. ट्रोपोनिनचंही तसंच आहे. दुखायला लागून तास-दीड तासच झाला असेल तर ते वाढलेलं नसूही शकतं, म्हणून काही तासांनी दुसरा नमुना पाठवायचा आणि आकडा चढतोय का ते पाहायचं. यात अवघड काही नाही. एवढा वेळ रुग्णाला खाटेवर ठेवून घेण्याची तयारी मात्र लागते.

अ‍ॅस्पिरिनचंही सांगते. १९८८ साली 'आयसिस-२' या चाचणीचे निष्कर्ष आले. १७ हजारांवर रुग्ण होते त्यात. अटॅकची शंका येताच सुरू केलेल्या अ‍ॅस्पिरिननं पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले, सोबत गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दिलं तेव्हा ४२ टक्क्यांनी. इतक्या वर्षांनंतरही 'मोठ्या रुग्णालयात न्या' एवढंच सांगून, ती एक गोळी चघळायला न देता रवाना केलेले रुग्ण मी उतरवून घेतले आहेत. अ‍ॅलर्जी असेल, रक्तस्राव होत असेल, महाधमनी फाटल्याची शंका असेल तर गोष्ट वेगळी. एरवी थांबायचं कशासाठी? आणि ईसीजीत मोठा अटॅक स्पष्ट दिसत असेल, १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल आणि दुखणं सुरू होऊन १२ तास उलटले नसतील, तर गुठळी विरघळवणारं औषध, ते देण्यात दुसरा धोका नसेल तर, तिथल्या तिथे दिलं पाहिजे. वाटेत गेलेला प्रत्येक तास म्हणजे कायमचा मेलेला स्नायू.

दुसरी तक्रार बीपी मोजण्याची. हिच्यावर मी सर्वांत जास्त बोलणार आहे, कारण हे काम आम्हा सिस्टरांचं आहे आणि ते आम्हाला नीट करू दिलं जात नाही.

माणूस जिना चढून, रांगेत उभा राहून, कुणाशी तरी वाद घालून आत येतो आणि टेकताक्षणी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला जातो. सदऱ्याच्या बाहीवरूनच. पाय एकावर एक, पाठीला टेका नाही, हात लोंबता, तोंडानं बोलणं चालू. जो आकडा येतो तो केसपेपरवर चढतो आणि त्या आकड्यावर जन्मभराची गोळी सुरू होते, किंवा वाढायला हवी ती वाढत नाही. मोजायचं कसं ते साधं आहे : पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेका, दोन्ही पावलं जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला, लघवीला जाऊन आलेला, आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी-तंबाखू नाही. मिनिटाभराच्या अंतरानं निदान दोनदा मोजायचं. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर. वयस्कांना आणि मधुमेहींना उभं करूनही, कारण उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर तो माणूस गोळी वाढवल्यावर न्हाणीघरात पडणार आहे.

मी उगाच किरकिर करते असं वाटत असेल तर दोन आकडे देते. २०२३ साली छापून आलेल्या एका चाचणीत, ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागतो अशांना नेहमीच्या मापाचा बांधून मोजलं तेव्हा वरचा आकडा सरासरी जवळपास २० नं जास्त भरला. वीस! म्हणजे १३० असलेल्या माणसाला १५० चा शिक्का. पुढच्याच वर्षी आणखी एका चाचणीत, हात टेबलावर टेकवण्याऐवजी बाजूला लोंबता ठेवला तर वरचा आकडा सहा-सात नं फुगतो असं दिसलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं, पट्टा आणि हात चुकले होते. एका मापाच्या पट्ट्यावर चालणाऱ्या ओपीडी मी पाहिल्या आहेत. मोठे पट्टे मागवा म्हणून मी तीनदा लेखी अर्ज दिला होता.

याच्या उलट चूकही तितकीच घातक. काहींचं बीपी डॉक्टरांसमोर चढतं आणि घरी ठीक असतं. काहींचं दवाखान्यात छान, घरी मात्र चढलेलं. ही दुसरी माणसं कुणाच्याच नजरेला पडत नाहीत. म्हणून घरचे आकडे लिहून आणायला सांगायचे, आणि घरी १३५/८५ ही सीमा धरायची, दवाखान्यातली १४०/९० नव्हे. काही देशांची मार्गदर्शक तत्त्वं याहून खालची सीमा धरतात, तो वाद तज्ज्ञांनी घालावा. माझं दुखणं असं की १६०/१०० सलग चार भेटींत लिहिलेलं असूनही गोळी तीच, मात्रा तीच आणि शेजारी 'मीठ कमी करा' हा शेरा. मीठ कमी करायलाच हवं, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत सांगते. पण निम्म्याहून जास्त रुग्णांना दोन किंवा अधिक औषधं लागतात हेही जुनंच ज्ञान आहे. वरचा आकडा १० नं उतरला की अटॅक आणि लकव्यासारखे मोठे झटके साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतात. तो दहाचा फरक पाडायची संधी आपण दर भेटीत हातची घालवतो. ३० ते ७९ वयाच्या १२८ कोटी माणसांना जगात हा आजार आहे असा याच संघटनेचा अंदाज होता, आणि त्यांतल्या जेमतेम पाचातल्या एकाचं बीपी आटोक्यात. उरलेल्या चारांपैकी कितीतरी जण आपल्या समोरच्या बाकावर बसून गेलेले असतात.

तीन औषधं पूर्ण मात्रेत घेऊनही आकडा हलत नसेल तर कारण शोधायचं. गोळ्या खरंच घेतल्या जातात का? गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक चालू आहे का? रात्री घोरताना श्वास अडकतो का? मूत्रपिंड, अ‍ॅड्रिनल ग्रंथी यांचं काय? शुक्रवारच्या खोलीत हे प्रश्न एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेले होते. आता तो कागदही काढला असेल.

तिसरी तक्रार थोडक्यात : नाडी कुणी धरत नाही. यंत्र ठोक्यांची संख्या दाखवतं म्हणून मनगटावर तीन बोटं ठेवायची सवयच सुटली. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसतेच थरथरत राहणं, बोटांना कळतं. ताल हरवलेला असतो. त्यानं लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो, कारण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूत जाते. त्यावर रक्त पातळ करणारं योग्य औषध धोका जवळपास दोन तृतीयांशानं घटवतं. अ‍ॅस्पिरिन इथे फार तोकडं पडतं, तरी 'सौम्य आहे' म्हणून तेच लिहिलेलं मी कितीदा वाचलं. झडप संधिवाती तापानं आकसलेली असेल किंवा धातूची बसवलेली असेल तर नवी औषधं चालत नाहीत, वॉरफरिन हे जुनं औषधच लागतं आणि रक्त किती पातळ झालं हे सांगणारी त्याची आयएनआर तपासणी चुकवून चालत नाही. आमच्या नोंदवहीत अशा रुग्णांची वेगळी पानं होती. तारीख टळली की आम्ही फोन करायचो. आता फोन कोण करणार, याचं उत्तर मला त्या सूचनेत सापडलं नाही.

चौथी तक्रार अशक्त हृदयाची. जिना चढताना दम, रात्री उशीवर उशी रचून झोपणं, पहाटे श्वास कोंडून उठून बसणं, पायांवर सूज. याला 'वय झालं' म्हणतात, 'दमा' म्हणतात आणि फवारा देतात. मानेची शीर फुगलेली आहे का ते पाहायला अर्धं मिनिट लागतं. एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी हळूहळू दम वाढत गेलेल्या रुग्णात १२५ च्या खाली आली तर हृदय निकामी होत असल्याची शक्यता फार कमी उरते. वर असेल तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. आणि छातीला स्टेथोस्कोप लावताना फुप्फुसांवर न थांबता झडपांवरही टेकवा. चालताना चक्कर येऊन पडलेल्या एका आजोबांच्या महाधमनीच्या झडपेची खरखर आमच्या डॉक्टरांनी त्या खोलीत ऐकली. त्याआधी त्यांच्या मेंदूचा फोटो दोनदा काढून झाला होता.

पंपिंग ४० टक्के किंवा त्याहून खाली आलं असेल तर आज चार प्रकारची औषधं आहेत, चारही आयुष्य वाढवतात. पण ती एकेक करून, रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासत, मात्रा चढवत न्यावी लागतात. डिस्चार्जच्या कागदावर चारही अगदी लहान मात्रेत लिहिलेली असतात आणि वर्षभरानंतरही तितकीच राहतात. २०२२ साली 'स्ट्राँग-एचएफ' या चाचणीत, घरी गेल्यावर दोन आठवड्यांत पूर्ण मात्रा गाठायची आणि पहिल्या सहा आठवड्यांत चार वेळा बोलावून तपासायचं, असं केलं. सहा महिन्यांत मरण पावलेल्या किंवा पंपिंगच्याच त्रासानं पुन्हा भरती झालेल्या रुग्णांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत २३ टक्के होतं, या पद्धतीत १५ टक्के. नवं औषध नव्हतं त्यात. वारंवार बोलावणं होतं. शुक्रवारची खोली याहून वेगळं काय करत होती?

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचं, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच कळवायचं, पेनकिलर मनानं घ्यायची नाही. हे समजावायला वीस मिनिटं लागतात. आणि एकदा सांगून भागत नाही. मी एका आजींना सहा वेळा सांगितलं, सातव्या वेळी त्या वजनाची वही घेऊन आल्या.

गोळ्या बंद करण्याबद्दल एवढंच : बरं वाटतंय म्हणून स्टेंटनंतरच्या, गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या स्वतःहून थांबवणारे, दात काढायचाय म्हणून कुणीतरी थांबवायला लावलेले, आणि कोलेस्टेरॉल 'नॉर्मल आलं' म्हणून ते कमी करणारी स्टॅटिनची गोळी सोडलेले रुग्ण मी पुन्हा अटॅक घेऊन आलेले पाहिले. अटॅक येऊन गेलेल्याला स्टॅटिन हे रिपोर्ट सुधारायला नसतं, दुसरा अटॅक टाळायला असतं. १९९४ च्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत सिमव्हास्टॅटिन या स्टॅटिननं एकूण मृत्यूच ३० टक्क्यांनी घटवले होते. हे रुग्णाला कुणी बसवून सांगितलं नाही तर तो गोळी सोडणारच, त्यात त्याची चूक नाही.

डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे वेळ नाही हे मला कबूल आहे. बाहेर दीडशे माणसं असताना कुणाला पाच मिनिटं शांत बसवणार? तुमच्यातल्या अनेकांनी जेवणाची सुट्टी सोडून रुग्ण पाहिलेत, मी साक्षीदार आहे. म्हणून या मागण्यांतल्या बऱ्याचशा व्यवस्थापनाकडे आहेत.

शुक्रवारची खोली पुन्हा उघडा, आणि जिथे नाही तिथे आठवड्यातून एक सकाळ तरी राखून ठेवा. तिथे प्रशिक्षित परिचारिका नेमा, तिची बदली दर दोन महिन्यांनी करू नका. प्रत्येक ओपीडीत किमान तीन मापांचे पट्टे ठेवा, यंत्रांची तपासणी ठरल्या तारखेला करा आणि मोजण्याआधी बसायला बाहेर खुर्च्या मांडा. ईसीजीचं यंत्र कुलपात नको, दाराशी हवं. नाभीच्या वरचं कुठलंही नवं दुखणं, दम किंवा अचानक घाम घेऊन आलेल्या प्रौढ माणसाची पट्टी केसपेपरच्या आधी निघू द्या. आणि एक नॉर्मल पट्टी पाहून अशा रुग्णाला घरी सोडायचं नाही, हे लेखी काढा.

डॉक्टरांकडे मागणी तीन गोष्टींची. नाडी हातात धरा. आकडा चढलेला असेल तर त्याच भेटीत काहीतरी बदला, नाहीतर न बदलण्याचं कारण कागदावर लिहा. आणि डिस्चार्ज देताना कोणती गोळी किती काळ, कोण थांबवू शकतं आणि पुढची तारीख कोणती, हे रुग्णाला वाचता येईल अशा अक्षरात आणि त्याच्या भाषेत द्या.

नोंदवही बंद पडली तेव्हा तिच्यात २१२ नावं चालू होती. त्यांतल्या किती जणांना खोली बंद झाल्याचं कुणी कळवलं, ते मला कृपया सांगा. न कळवलेल्यांना फोन करायला दोन माणसं लागतील. एक मी येते, शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, मोबदला नको. दुसरं माणूस तुम्ही द्या, आणि खोलीची किल्ली.

आपली नम्र,
हृदयविभागातली एक निवृत्त परिचारिका